नीट: भावाचा अभ्यासावरचा विश्वास उडालाय, काय करू?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ २०२४ च्या नीटला (वैद्यकीय प्रवेश परीक्षेला) बसला होता. आता ड्रॉप घेऊन, म्हणजे कुठे प्रवेश न घेता, पुन्हा तयारी करतोय. म्हणजे टेबलाशी बसतो, इतकंच.

पेपरफुटी, ६७ जणांना ७२० पैकी ७२०, १५६३ जणांना दिलेले आणि मग काढून घेतलेले ग्रेस मार्क, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. ७१८, ७१९ गुण पडूच कसे शकतात (एक प्रश्न सोडला तर ७१६, चुकला तर ७१५) हे त्यानं आईला कागदावर मांडून दाखवलं होतं. तेव्हा तो चिडलेला होता. चिडलेला होता तेच बरं होतं.

बिनसलं ते अणूच्या प्रश्नावर. 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' असं एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात होतं, नव्यात ते बदललं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं आधी दोन्ही उत्तरं मान्य केली, याला चार गुण मिळाले. मग सर्वोच्च न्यायालयानं आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं, हे विधान चूक मानणारा एकच पर्याय बरोबर ठरला आणि जुलैच्या सुधारित निकालात याचे चार गेले, वर एक वजा. शास्त्र म्हणून निर्णय बरोबरच आहे. किरणोत्सारी अणू कुठले स्थिर असायला! पण तो ज्या पुस्तकातून शिकला ते माझं होतं. 'नवं कशाला, तेच तर आहे सगळं' असं मीच म्हटलं होतं.

त्याच्याकडे चुकांची एक वही होती. प्रत्येक सराव परीक्षेनंतर चुकलेला प्रश्न आणि तो का चुकला, ते लाल पेननं लिहायचा. जुलैनंतर त्यात एक ओळ नाही. विचारलं तर म्हणतो, "ताई, शेवटी सेटिंगच चालतं." आता साधं गणित चुकलं तरी सेटिंग!

'मेहनतीचं फळ मिळतंच' हे कृपया सांगू नका. त्याला कसं सांगू, खोटं न बोलता?

प्रतिसाद: मी शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवतो. वाद घालू नका, तो हरणार नाही, कारण निम्मं तो खरंच बोलतोय. त्याची ओएमआरची (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि अंतिम उत्तरतालिका समोर ठेवा. येत असून चुकलेले, घाईत चुकलेले आणि आलेच नाहीत असे प्रश्न त्यालाच वेगळे करू द्या. अणूचे पाच गुण वेगळ्या रकान्यात. तो रकाना खोडायला सांगू नका. आणि त्या वर्षी तेवढ्याच गुणांना क्रमांक बराच खाली गेला, तो त्याच्या माथी मारू नका.

धागाकर्ती: धन्यवाद सर. प्रत डाउनलोड केलेली आहे, रविवारी बसतो दोघं. पुस्तकाचा विषय मात्र मी अजून काढलेला नाही. तोही काढत नाही.