गोधडीवरील अ‍ॅप्लिक आणि थर जोडण्यासाठी फ्यूजिबल वेब वापरावे का?

प्रश्न (अमळनेर)

नमस्कार. आखाजीला माहेरी येणाऱ्या भाचीच्या बाळासाठी मी लहान गोधडी शिवायला घेतली असून तिच्यावर केळीची पाने आणि कापसाची बोंडे वेगळ्या कापडातून कापून अ‍ॅप्लिकने लावायची आहेत. प्रत्येक कड दुमडून हाताने तुरपाई करण्याइतका वेळ हाताशी नाही, म्हणून कागदाची पाठ असलेले फ्यूजिबल वेब, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने वितळून दोन कापडे चिकटवणारा गोंदाचा पातळ पापुद्रा, आणले आहे. ते लावल्यावर पाने पुठ्ठ्यासारखी कडक होतील का? शिवाय वरचे कापड, मधला पिंजलेला कापूस आणि अस्तर हे तिन्ही थर कच्च्या धावदोऱ्याने टाचण्याऐवजी याच वेबने चिकटवून घेतले तर चालेल का?

उत्तर (जळगाव)

ताई, कडकपणा दोन गोष्टींवर ठरतो: वेब किती जाड आहे आणि ते पानाखाली किती जागेत लावले आहे. जाड वेब हे टाके न घालता नुसते चिकटवण्यासाठी असते. त्यातून शिवले की सुईला गोंद धरतो, दोरा तुटतो. टाके घालणार असाल तर हलके वेबच घ्यावे. मोठ्या पानासाठी वेबचा मधला भाग आधीच कापून काढावा आणि कडेलगत साधारण अर्धा सेंटिमीटर रुंदीची पट्टी ठेवावी, म्हणजे कड धरली जाते आणि पान मधून मऊ राहते. लहान बाळाच्या अंगावर येणाऱ्या वस्तूत एवढे कष्ट घ्यावेतच, असे माझे ठाम मत आहे.

कापड आधी धुऊन त्यातील खळ घालवावी, कारण खळीवर गोंद नीट बसत नाही. कागदावर काढलेली आकृती कापडावर उलटी उमटते. पानाला त्याने फारसे बिघडत नाही, परंतु बाळाचे नाव लावायचे असल्यास अक्षरे उलटी काढावी लागतील. रेषेच्या थोडे बाहेरून कापून वेब कापडाच्या उलट्या बाजूला इस्त्रीने चिकटवावे, पूर्ण गार झाल्यावरच नेमक्या रेषेवर कापावे आणि मग कागद सोडवून पान वरच्या कापडावर इस्त्रीने चिकटवावे. इस्त्री फिरवू नये. दाबून धरावी, उचलावी आणि शेजारी ठेवावी. किती वेळ दाबायची आणि वाफ द्यायची की नाही, हे प्रत्येक वेबचे वेगळे असते, त्यामुळे पाकिटावरील सूचना पाळाव्यात. खाली बटर पेपर ठेवल्यास गोंद टेबलाला लागत नाही. शेवटी कडेवरून काजटाका किंवा बारीक झिगझॅग घालावाच, कारण बाळाची गोधडी वारंवार धुतली जाते आणि केवळ गोंदाच्या भरवशावर राहिलेल्या कडा धुण्यात हळूहळू सुटतात.

उत्तर (धुळे)

अ‍ॅप्लिकबद्दल वरील उत्तराशी सहमत आहे. थरांच्या बाबतीत मात्र मी स्पष्टच नाही म्हणेन. पिंजलेल्या कापसाचे तंतू सुटे असतात. गोंद फक्त वरच्या तंतूंना धरतो, आतला कापूस मोकळाच राहतो आणि धुतल्यावर गोळा होऊन कोपऱ्यात जातो. त्याला जागेवर ठेवतात ते जवळजवळ घातलेले धावदोऱ्याचे टाकेच. पॉलिएस्टरचे वॅडिंग (कापसाऐवजी मधे घालायचा तयार मऊ थर) घेतले तर दुसरीच अडचण येते, कारण गोंद वितळवण्याइतक्या उष्णतेने ते चपटे होते. शिवाय सगळीकडे वेब पसरले की गोधडीचा मऊपणा जातो आणि हाताची सुई प्रत्येक टाक्याला अडते.

अस्तर ताणून पसरावे आणि मध्यापासून कडांकडे जात, तळहाताच्या रुंदीएवढ्या अंतराने लांब कच्चे टाके घालावेत. बाळाच्या गोधडीला ते काम फार मोठे नाही.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही आभार. कापसाऐवजी आईच्या जुन्या सुती लुगड्यांचे थर घातले तर उत्तर बदलेल का?

उत्तर (धुळे)

थोडे बदलेल. कापडाचे थर सुट्या कापसासारखे गोळा होत नाहीत आणि सुती कापड इस्त्रीची उष्णता सोसते. त्यामुळे कडेच्या पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या भागात वेबच्या बोटभर रुंद पट्ट्या लावून थर धरून ठेवता येतील. मधल्या भागाला मात्र धावदोराच हवा. लुगडे सुती असल्याची खात्री आधी एका कोपऱ्यावर इस्त्री ठेवून करावी, कारण सिंथेटिक धागा मिसळलेले कापड तेवढ्या उष्णतेने आक्रसते.

उत्तर (जळगाव)

एक राहिले. पाने वरच्या कापडावर आधी शिवून घ्यावीत आणि थर त्यानंतर जोडावेत. उरलेले वेब घडी न घालता गुंडाळून ठेवावे, नाहीतर घडीच्या जागी कागद सुटतो.