आईच्या खांद्याला हिजामा करावा का?

आईचा खांदा आखडलाय, वेणीसुद्धा घालता येत नाही. शेजारच्या खाला हिजामा (तुंबडी लावून, बहुधा चिरा देऊन रक्त काढणं) सुचवतात. तिला मधुमेह आहे, रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे. करावा का?

— चिरा देऊन रक्त काढणार असतील तर कृपया नको! त्या गोळीने रक्त लवकर थांबत नाही, मधुमेहात जखम चिघळते. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. आधी डॉक्टरांना दाखवा.

— आमच्याकडे वैदू शिंगाची तुंबडी लावायचे, तोंडाने हवा ओढून. सुश्रुतसंहितेत शिंग, जळू, भोपळा तिन्ही आहेत. भोपळ्यात दिवा ठेवला की हवा तापते, निवताना कातडी आत ओढली जाते. आजीला बरं वाटायचं, पण वळ आठवडाभर राहायचे.

— धन्यवाद. उद्याच दवाखान्यात नेते.