शब्दचर्चा: 'लोएस'ला मराठीत काय म्हणायचं? आणि तिच्या पोटातल्या जुन्या मातीला?

नमस्कार मंडळी, चीनच्या लोएस पठारावर मराठीत एक लेख लिहितेय आणि दोन शब्दांपाशी येऊन अडकलेय. पहिला अर्थातच लोएस. वाऱ्याने लांबून उडवून आणलेली बारीक पिवळी धूळ, लाखो वर्षं थरावर थर बसत गेलेली, तिकडे काही ठिकाणी हे थर शंभर मीटरपेक्षा जास्त जाड आहेत. दुसरा पेलिओसॉल. म्हणजे त्या पिवळ्या थरांच्या मधेमधे जे लालसर तपकिरी पट्टे दिसतात ते, ती एके काळी वरची जमीन होती, तिच्यावर गवत होतं, मुळं होती, गांडुळं होती, आणि मग परत धूळ पडत गेली आणि ती खाली गेली. पहिल्याला 'वातोढ' आणि दुसऱ्याला 'पुरामृदा' असं सुचवलंय एकांनी, पण माझ्या आईला वाचून दाखवलं तर तिने दोन्ही शब्दांना "म्हणजे काय गं?" विचारलं. तर सुचवा.

प्रतिसाद

वातोढ वाईट नाहीये हो ताई, फोडून सांगितला की आवडेल. ऊढ म्हणजे वाहून आणलेलं, 'वह्' धातूवरून. जल + ऊढ जलोढ, म्हणजे नदीने आणलेला गाळ, तसंच वात + ऊढ वातोढ. हाच ऊढ 'नवोढा'मध्ये आहे, नवी लग्न होऊन आलेली, आणि प्र + ऊढ प्रौढमध्ये पण. विवाहातला 'वाह' सुद्धा त्याच धातूचा. म्हणजे दुसऱ्या घरून आलेली माती, माहेर वाळवंटात आणि सासर पठारावर. मला तरी हा शब्द फार गोड वाटतो.

प्रतिसाद

गोड आहे पण आमच्याकडे वात म्हटलं की गुडघ्याचा वात. मी शेतकरी माणूस, मला त्या धुळीची गोष्ट उफणणीसारखी वाटते. वावडीवर उभं राहून पाटीतून धान्य सोडलं की जड दाणा पायाशी पडतो, त्याच्यापुढे हलका, आणि भूस पार लांब जातं. वाळवंटातली वाळू म्हणजे दाणा, ती वाऱ्याने जमिनीलगत टुणटुण उड्या मारत थोडीच सरकते, आणि त्याच्यापेक्षा बारीक जे असतं ते भुसासारखं वर उचललं जातं आणि वारा पडेल तिथे बसतं. तर भूसमाती म्हणा की.

धागा काढणारी

दादा, हे जबरदस्त आहे, कारण चीनमध्ये अगदी असंच दिसतं! वाळवंटं वायव्येला, आणि तिथून आग्नेयेकडे जाल तसे लोएसचे कण बारीक होत जातात आणि थरही पातळ होतात. आणि अजून गंमत म्हणजे लोएस हा शब्दच मुळात जर्मन बोलीतला, 'सैल, मोकळी' अशा अर्थाचा, ऱ्हाइन खोऱ्यातले लोक वापरायचे, तो 1823-24च्या सुमारास कार्ल सीझर फॉन लेओनार्ड या जर्मन भूवैज्ञानिकाने शास्त्रात आणला. म्हणजे आपला भुसभुशीत! चिनी लोक तिला हुआंगथू म्हणतात, सरळ पिवळी माती. ती वाऱ्याने आली हे फॉन रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1877मध्ये चीनवरच्या ग्रंथात मांडलं, तोवर बरेच जण पाण्याने आणलेला गाळच समजत होते. फक्त भूसमाती म्हटलं की भुसा मिसळलेली, भिंती लिंपायची माती डोळ्यासमोर येते, ती अडचण आहे.

या थरांमध्ये चुन्याचे वेडेवाकडे गोटे सापडतात, पावसाचं पाणी चुना विरघळवून खाली नेतं आणि तिथे तो गोळा होतो. त्यांना जर्मन लोक 'लोएसची बाळं' म्हणतात आणि चिनी लोक आल्याचे दगड. आपल्याकडे?

प्रतिसाद

आपल्याकडे चुनखडीचे खडे, काळ्या रानात नांगराला लागतात ते. अर्थात ती माती वेगळी, खडा तयार व्हायची रीत तीच.

आता माझा मूळ मुद्दा. तुमच्या दोन शब्दांत खरा फरक वाहून आलेलं आणि जागेवर झालेलं असा आहे, आणि मराठीत आपण दोन्हीला मातीच म्हणतो म्हणून हा घोळ होतो. धूळ येऊन पडली म्हणजे लगेच माती होत नाही. ती पडायची थांबली किंवा कमी झाली, वर पाऊस पडला, गवत आलं, मुळांनी पोखरलं, लोह गंजून रंग लाल झाला, चुना खाली गेला, हे सगळं हजारो वर्षं चाललं की मग माती. लोणचं मुरतं तशी धूळ मुरते. चीनमध्ये हिवाळी मोसमी वारा जोरात असतो तेव्हा थंड कोरडा काळ आणि धूळ, उन्हाळी मोसमी पाऊस जोरात असतो तेव्हा माती. दोन्ही मिळून सुमारे 26 लाख वर्षांची नोंद तिथे आहे. त्या लाल पट्ट्यांत चुंबकीय कण जास्त तयार होतात, म्हणून नुसतं चुंबकत्व मोजत कड्यावरून खाली गेलं तरी पाऊस कधी वाढला कधी घटला कळतं. म्हणून पेलिओसॉलला 'मुरमाती' सुचवतो.

प्रतिसाद

मुरमाती नको!! सगळे मुरूम समजतील, रस्त्यावर टाकतात तो.

आणि काळ्या मातीचा विषय निघालाच आहे तर, आपल्या काळ्या जमिनीतून अशी सरळ नोंद वाचणं अवघड असतं. उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात, वरची माती भेगेत पडते, पावसात सगळं फुगतं आणि खालचं वर ढकललं जातं, ती स्वतःलाच नांगरत असते. वहीची पानं सुटी होऊन परत कशीही शिवावीत तसं. त्यामानाने गावाची पांढरी जास्त बोलते. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हे आपल्या भाषेत किती जुनं आहे बघा, पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडलेल्या भिंती साचून माती पांढुरकी झाली म्हणून पांढरी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं ते अशाच पांढरीच्या टेकाडांवर. तिथली वस्ती साधारण इसपू 1600 ते 700, आणि इसपू 1000च्या आसपास हवामान कोरडं होत गेलं, म्हणून लोक हळूहळू शेतीकडून पशुपालनाकडे वळले, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं.

प्रतिसाद

वाऱ्याने आलेलंच हवं असेल तर जुन्नर तालुक्यातलं बोरी आहे ना. कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची मानतात, फक्त कितव्या उद्रेकाची यावर संशोधकांचा बराच वाद झालाय. पण तिकडची राख वाऱ्यावर येऊन आपल्या नदीच्या गाळात बसलीये, हे कळल्यावर मी त्या काठाकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो.

आणि राजस्थानात डीडवाण्याजवळ '16 आर' नावाची वाळूची टेकडी आहे, वी. एन. मिश्र आणि शरद राजगुरू ही डेक्कन कॉलेजची मंडळी तिथे काम करत होती. टेकडी कापली तर वाळू, मग चुनखडीचा पट्टा, परत वाळू, मधेमधे अश्मयुगीन हत्यारं. वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं होतं ते प्रयोगशाळेत काढता येतं, त्यावरून ही नोंद साधारण दोन लाख वर्षं मागे जाते. चुनखडीचा पट्टा म्हणजे वाळू सरकायची थांबली, टेकडी जागेवर राहिली तो काळ.

धागा काढणारी

"थांबली" हाच शब्द मला हवा होता! सगळ्यांचे खूप आभार. असं ठरवलंय: लोएसला लोएसच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे 'वाऱ्याने आणलेली भुसभुशीत पिवळी माती' असं लिहून, वातोढ आणि त्यातली नवोढा एका चौकटीत देते, आणि उफणणीचा परिच्छेद दादांच्या परवानगीने तसाच घेते. पेलिओसॉलसाठी 'गाडलेली माती'. वाक्य असं झालंय:

"जिथे पिवळा थर आहे तिथे धूळ पडत होती, आणि जिथे लाल पट्टा आहे तिथे धूळ थांबून गवत आलं होतं, ती गाडलेली माती आहे."

आईला वाचून दाखवलं, तिने मधे काहीच विचारलं नाही. 'गाडलेली' कुणाला खटकत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, परवा लेख पाठवायचाय.