मदत हवी आहे - आईचा माहेरच्या जमिनीतला हिस्सा

नमस्कार मंडळी, कोणी वकील किंवा महसूलमधलं जाणकार असेल तर सांगा प्लीज. आईचं लग्न 1989 ला झालं, आजोबा गेले 2001 ला, जमीन वडिलोपार्जित म्हणजे पणजोबांपासूनची. वारस नोंदीत आई आणि मावशीचं नाव लागलंच नाही, नुसते दोन मामा. आता सातबारा काढला तेव्हा कळलं!! तलाठी म्हणाले लग्न 1994 च्या आधीचं आहे, हक्क नाही. पण माझ्या वाचनाप्रमाणे ती अट महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीत होती, मग 2005 ला केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला त्यात लग्नाची अट नाहीच, आणि 2020 च्या विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासून, वडील 2005 ला हयात नसले तरी चालतं. बरोबर ना?

खरी अडचण पुढे आहे. मामांनी 2003 ला तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घेतलंय, आईची सही कुठेच नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधीचं वाटप रजिस्टर झालेलं किंवा कोर्टाच्या हुकूमाचं असेल तर मोडत नाही म्हणतात, मग हे तहसीलदारवालं त्यात धरतात का? आणि आधी फेरफारावर अपील करू की सरळ दिवाणी दावा?

मामा म्हणतात हक्कसोड पत्रावर सही करून टाक, साडीचोळी करतो 🙄 आईला भांडण नकोय पण सहीही करायची नाहीये. कोणाचा अनुभव असेल तर लिहा.