ग्यांत्से झोंग : आजची पडझड १९०४ ची की नंतरची?

गडवाटा :
तिबेटमधल्या ग्यांत्से झोंगबद्दल (झोंग म्हणजे किल्ला) बहुतेक ठिकाणी 'इंग्रजांनी १९०४ साली तोफांनी उद्ध्वस्त केलेला किल्ला' एवढंच लिहिलेलं सापडतं. पण तिबेटवरच्या त्या इंग्रज मोहिमेतल्या मोठ्यातल्या मोठ्या तोफा होत्या दहा पौंडी, खेचरांवर लादायच्या. तेवढ्यांनी चौदाव्या शतकातला अख्खा गड कोसळेल? आणि असा उभ्या खडकावरचा किल्ला एका दिवसात पडला कसा?

शिबंदी :
एका दिवसात पडला हे अर्धंच खरं. ११ एप्रिल १९०४ ला मोहिमेचा प्रमुख यंगहजबंड याची फौज पोचली तेव्हा गड न लढताच हाती आला. इंग्रजांनी तो राखला नाही. पसारा मोठा, माणसं थोडी, त्यात पाण्याची अडचण. म्हणून त्यांनी नदीकाठच्या चांगलो वाड्यात तळ टाकला. मे महिन्याच्या सुरुवातीला तळावरचा मुख्य लष्करी अधिकारी निम्म्याहून जास्त माणसं घेऊन कारो ला खिंडीकडे गेला, आणि नेमका तेव्हाच तिबेटी सैन्याने वाड्यावर पहाटेचा छापा घातला. छापा फसला, पण गड त्यांनी परत धरला. पुढे दोन महिने वरून जंजाळांचा (लांब नळीच्या जड बंदुकांचा) मारा चालू होता.

६ जुलैला पहाटे आधी पायथ्याची घरं घेतली गेली. दुपारी तोफांनी भिंतीच्या एकाच जागेवर मारा धरला आणि खिंडार पाडलं. त्यातच गडावरचा दारूसाठा उडाला. खिंडाराखालचा चढ इतका उभा, की हातापायांवर एकेकानेच चढायचं, आणि वरून धोंडे येताहेत. आठव्या गुरखा पलटणीचे लेफ्टनंट ग्रँट आणि हवालदार करबीर पुन जखमी होऊन खाली गेले, पुन्हा चढले, तेव्हा आत शिरकाव झाला. ग्रँटला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देशी शिपायांना तो १९११ पर्यंत खुला नव्हता, म्हणून करबीरला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट.

मातीकाम :
तोफांचं काम खिंडारापुरतं. १९३० च्या दशकातले फोटो काढून बघा, गडाच्या बहुतेक इमारती उभ्या दिसतात. १९६१ मध्ये चीनने 'इंग्रजविरोधी लढ्याचं स्थळ' म्हणून त्याला राष्ट्रीय संरक्षित यादीत घातलं आणि १९६७ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीत, तिथल्याच भिंती सुरुंगाने उडवल्या गेल्या! याचा उल्लेख टाळून सगळं १९०४ च्या खात्यावर टाकणं हा इतिहासावर अन्याय आहे.

सुरुंगातून वाचलेलं नंतर का ढासळतं तेही बघा. हे बांधकाम चुन्यातलं नाही. दगडाची दोन तोंडं, मध्ये भर, सांध्यांत माती. भिंत बुडाशी रुंद, वर निमुळती. वर लाकडी तुळया आणि मातीचं धाबं (सपाट छप्पर), ते वरचेवर चोपून नीट ठेवावं लागतं. धाबं गेलं की पावसाचं पाणी थेट भरावात उतरतं, थंडीत गोठून फुगतं, आणि बाहेरचं तोंड पोट सुटून आख्खंच्या आख्खं गळून पडतं. म्हणून दुरुस्ती नेहमी माथ्याकडून सुरू करायची. आधी भिंतीचा माथा झाकायचा, दर्जा (दगडांमधल्या फटी) नंतर भरायच्या. सिमेंटने दर्जा भरल्या तर ओल आतच कोंडते आणि तोंड आणखी लवकर सुटतं.

उत्तरवाट :
एक भर. तिबेटमधल्याच शिगात्से शहराच्या किल्ल्याचे फोटो 'ग्यांत्से' म्हणून सर्रास फिरतात. शिगात्सेचा मूळ गड पाडलेला आहे. आज दिसतो तो २००५ ते २००७ मध्ये जुन्या फोटोंवरून उभारलेला, आतून काँक्रीट आणि बाहेरून दगड. कोपरे धारदार, भिंती एकसारख्या दिसल्या तर तो शिगात्सेचा. ग्यांत्सेचीही डागडुजी झाली आहे, पण तिथे पडक्या भिंती आणि नवं काम शेजारी शेजारी दिसतं.