मदत हवी आहे : तांबड्या समुद्रातला हा मासा विषदंती ब्लेनी की तिचा तोतया?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात इजिप्तमधल्या दाहाबला डायव्हिंग करताना काढलेल्या तीन फोटोंतले मासे ओळखण्यासाठी मदत हवी आहे. तिन्ही मासे बोटाएवढे आहेत, पुढून निळसर करडे आणि शेपटीकडे पिवळे होत गेलेले, शिवाय प्रत्येकाच्या डोळ्यापासून एक काळी रेघ मागे गेली आहे. किनाऱ्यावर परतल्यावर ते एकाच जातीचे असल्याचे मी धरून चाललो होतो.

नंतर वाचताना घोळ लक्षात आला. हा वेश मुळात मेइअकॅन्थस नायग्रोलिनिएटस या विषदंती ब्लेनीचा (ब्लेनी म्हणजे तळाशी, खडकांच्या आसपास राहणाऱ्या छोट्या माशांचा एक गट). तिच्या खालच्या जबड्यातल्या दोन मोठ्या सुळ्यांना पन्हळीसारखी खाच आणि मुळाशी विषग्रंथी असते. या वंशातल्या माशाला तोंडात घेतलेला शिकारी त्याला थुंकून टाकतो. (विष म्हटले की आपल्याला विंचवाची आग आठवते, पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या वंशाच्या विषात ओपिऑइडसारखा घटक सापडला; त्याने उंदरांना वेदना झाल्याचे दिसले नाही, रक्तदाब मात्र उतरतो.) एक्सेनियस ग्रॅव्हिएरी हा शेवाळ खरवडणारा गरीब मासा हाच वेश घेऊन फुकटात संरक्षण मिळवतो, तर प्लॅगिओट्रेमस टाउनसेंडी त्याच वेशाच्या आडून इतर माशांच्या अंगाचे लचके तोडतो.

पहिल्या फोटोतला मासा प्रवाळाच्या कडेवर पोट टेकून बसलेला आहे आणि त्याचे तोंड समोरून चेपल्यासारखे बोथट आहे, म्हणून तो एक्सेनियस असावा. दुसरा खडकापासून हातभर वर, पाण्यात निवांत तरंगत होता आणि त्याचे तोंड थेट पुढे उघडते, म्हणून तो खरा मेइअकॅन्थस असावा, कारण या वंशात वाताशय (शरीरातली हवेची पिशवी) असतो आणि त्यामुळे असे तरंगणे जमते.

अडले आहे ते तिसऱ्यापाशी. तोही तरंगतच होता, पण फ्लॅशच्या उजेडात पाण्यातले कण चमकल्यामुळे त्याचे तोंड झाकले गेले आहे. मोठा करून पाहिला की नाकाड तोंडाच्या पुढे आल्यासारखे वाटते, जे प्लॅगिओट्रेमसचे लक्षण आहे, आणि लहान केला की तसे काहीच दिसत नाही. तोंड सोडून, केवळ बाजूने काढलेल्या फोटोवरून मेइअकॅन्थस आणि प्लॅगिओट्रेमस वेगळे सांगता येतील असे पाठीच्या पराचे किंवा शरीराच्या ठेवणीचे एखादे खात्रीचे लक्षण आहे का?