अनुभव धागा: तुमच्या घरातला बाँड कोण?

सातरस्तेकर
परवा टीव्हीवर 'ऑक्टोपसी' लागला होता, १९८३चा, उदयपूरवाला. वडील आठवले. अण्णा शॉन कॉनरीचे कट्टर. गिरणीतली पाळी संपली की इंग्रजी पिक्चरला. भाषा कळायची नाही, पण कॉनरी खोलीत शिरला की आता कुणीतरी मार खाणार एवढं कळायचं म्हणे. रॉजर मूर त्यांना अजिबात चालायचा नाही. 'लग्नात आलेला जावई आहे तो. सूट घालून हिंडतो, कामाला हात लावत नाही.' मी मूरच्या बाजूनं. रोज जेवताना वाद.
परवा मात्र सर्कशीचा सीन नीट बघितला. मूर जोकरचा रंग फासून बॉम्ब आहे, बॉम्ब आहे म्हणून ओरडतोय आणि लोक खदाखदा हसताहेत. एरवी एक भुवई उडवून वेळ मारून नेणारा माणूस तिथं पार घामाघूम. अण्णा असते तर रिमोट हातात घेऊन भांडलो असतो.
तुमच्याकडं कोण होता? लिहा.

शेंगाचटणी
त्यात रिक्षाचा पाठलाग आहे ना? विजय अमृतराज रॅकेटनं गुंड बडवतो. आणि कबीर बेदी मुठीत फासे चुरडून पूड करतो. आमच्या गल्लीत पोरं शेंगदाण्यावर ट्राय करायची 😄

पुण्यात_अडकलेला
ब्रॉस्नन. १९९५. 'गोल्डनआय'मध्ये रणगाडा घेऊन भिंती फोडत जातो आणि मधेच टाय सरळ करतो. बास. कॉलेजात टाय बांधायला त्याच सीनमुळं शिकलो, लावायची वेळ एकदाच आली, कॅम्पस इंटरव्ह्यू, त्यात नापास.

माळ्यावरचीपेटी
बिचाऱ्याला १९८६ लाच बोलावलं होतं. टीव्ही मालिकेच्या करारात अडकला म्हणून बाँडचा रोल डाल्टनला मिळाला.

अशोकचौक_११६
तुम्ही सगळे इंग्रजी पेठेतले दिसताव. आमच्या तेलुगू घरात बाँड म्हणजे कृष्णा. 'गूढचारी ११६', १९६६. आजोबा विणकर, मागावर बसल्या बसल्या त्यातले डायलॉग म्हणायचे. नंतर तोच हिंदीत 'फर्ज' झाला, जितेंद्रचा. आजोबा जितेंद्रला बघून म्हणायचे, हा काय हेर, हा तर नुसता नाचतो.

अक्कलकोटरोड
मग आमचा कन्नडवाला राजकुमार कुठं गेला वो? 'जेडर बले', सीआयडी ९९९, १९६८. आमची आजी कन्नड, तिला अजूनही बाँड कोण माहीत नाही, ९९९ माहीत आहे.

पुण्यात_अडकलेला
सोलापूर आहे बाबा, हेर पण तीन भाषेत.

कडक_भाकरी
कुकर लावून लिहितेय, चुका माफ. मला डॅनियल क्रेग. आधी नावं ठेवली लोकांनी, केस सोनेरी म्हणून. 'कसिनो रोयाल'मध्ये मारामारी झाल्यावर ती बाई शॉवरखाली भिजत बसलेली असते, अंगावर चांगले कपडे तसेच. हा येतो, फारसं काही बोलत नाही, कपड्यांसकट शेजारी बसतो. आधीच्या कुठल्या बाँडनं असं केलं असतं? कॉनरीनं तर नाहीच. दार लावून घेतलं असतं. आमच्या ह्यांना तो सीन दोनदा दाखवलाय. उपयोग नाही.

शेंगाचटणी
ह्यांना रणगाडा दाखवा 😂

नवीपेठ
'स्पेक्टर' २०१५ ला सासूसासऱ्यांबरोबर बघितला. आपल्या सेन्सॉरनं चुंबनं निम्म्यावर आणली होती. सगळे सेन्सॉरला शिव्या देत होते, मी मनातून आभार मानले.

माळ्यावरचीपेटी
लेझनबीचं कुणीच नाव घेत नाही. मॉडेल होता, एकच बाँडपट, १९६९. त्यात बाँड लग्न करतो आणि शेवटी बायकोला गोळी लागते. हा तिला मांडीवर घेऊन, ती झोपलीय, काही घाई नाही असं पोलिसाला सांगतो. कॉनरीनं केला असता तर मी विश्वास ठेवला नसता. नवखा होता म्हणूनच पटतो. क्रेगचं जे कौतुक चाललंय वर, त्याची सुरुवात इथं आहे असं माझं मत.

सातरस्तेकर
हे पटलं. अण्णांना लेझनबी आवडला असता का कुणास ठाऊक.

कडक_भाकरी
शिट्टी झाली, आले.

अशोकचौक_११६
@नवीपेठ ते शेंगा चटणीचं पार्सल पुण्याला जाणार होतं ना? दोन किलो माझं पण धर.

शेंगाचटणी
माझं नाव घेतलं का कुणी?

पुण्यात_अडकलेला
चटणी माझ्याकडं येऊ दे, मग वाटतो. आणि डाल्टनचं कोण लिहिणार? 'लायसन्स टू किल' मधला. एवढा रागीट बाँड नंतर क्रेगलाच जमला. कुणीतरी लिहा, मी मीटिंगमध्ये आहे.

कडक_भाकरी
डाळ करपली.